द्वारकीच्या दगडावरचं भोक

(१९७३, दुष्काळाचं साल. दुधना नदीचं पात्र कोरडं पडलंय. घाटाची जुनी भिंत उतरवून नवी बांधायचं सरकारी काम चालू आहे. दुपारची सुट्टी.)

गिरिजाबाई : आन् ह्यो दगड असा पालथा टाकायची अक्कल कुणाची? नाव मातीत?

पाशामियाँ : भाभी, उन्हात कशाला आल्या? या, सावलीत बसा.

गिरिजाबाई : सावलीत तू बस. माझ्या धन्याच्या नावाचा दगड गिट्टीच्या ढिगावर पडल्यावर मला सावली गोड लागंल व्हय?

पाशामियाँ : ओवरशेर साहेबाचा हुकूम हाय. म्हणले, जी भिंत पोट काढून फुटली, तिच्या मिस्तरीचं नाव नव्या भिंतीत कशाला? फोडा.

गिरिजाबाई : आन् तू मान हलवलीस. बराबर. आता तुझंच नाव चढायचं. ज्याच्या हाताखाली चुना कालवला, त्याच्याच नावावर घण!

पाशामियाँ : तोबा! मी बिलकुल न्हाई कोरणार माझं नाव. ओळंबा धरायला मला उस्तादानं शिकवलं.

गिरिजाबाई : मंग तसं सांग की साहेबाला. म्हणावं, भिंत चांगली व्हती.

पाशामियाँ : चांगलीच व्हती. म्हणून तर चार दिवस हुडकून राह्यलो, फुटली कशानं. आज सकाळी सापडलं. हे बघा.

गिरिजाबाई : चिंधी हाय.

पाशामियाँ : बोळा हाय. पाणी निघायच्या भोकात ठासलेला, वरून चुन्यानं लिंपलेला. अकरा भोकं, अकराच्या अकरा बुजलेली. मागची माती पाणी पिऊन फुगली, निघायला वाट न्हाई, मंग तिनं भिंतच पुढं ढकलली. आन् सगळ्यात आदी पोट कुठं आलं, मालूम हाय?

गिरिजाबाई : मला काय करायचं?

पाशामियाँ : द्वारकाबाईच्या धुण्याच्या दगडावर.

गिरिजाबाई : तिचं नाव माझ्यापुढं घेऊ नको.

पाशामियाँ : बाकीच्या भोकांत नुसती माती न् गवत. हितं मात्र लुगड्याचा तुकडा. चुन्यात दबला म्हणून कुजला न्हाई. जांभळा, पिवळ्या काठाचा. उस्तादानं जुन्या जालन्याच्या कापडबाजारातून आणल्तं हे लुगडं. गाडीत मी व्हतो संगं.

गिरिजाबाई : ...लुगडं जुनं झाल्तं.

पाशामियाँ : भाभी, तुम्ही बुजवलं?

गिरिजाबाई : बुजवलं! काय करशील? दोन वर्सं डोळ्यानं बघितलं मी. आमी गढूळ पाण्यात धुणं आपटायच्या, आन् ह्या बयेच्या दगडावर वरून निर्मळ धार. आरशावानी. तिच्या नवऱ्याचं धोतर बगळ्यावानी पांढरं, आन् माझ्या घरच्या मिस्तरीचं मातकट. बायका म्हणायच्या, 'मिस्तरीनं द्वारकीसाठी नळ काढला गं!' आन् हसायच्या. माझ्याकडं बघून.

पाशामियाँ : उस्तादाला इचारायचं तरी.

गिरिजाबाई : मी इचारू? मी? भिंत बांधणाराची बायको मी. धार कुणाच्या दगडावर पाडायची, हे त्यालाच कळाया नको व्हतं?

पाशामियाँ : आन् बाकीची दहा?

गिरिजाबाई : एक बुजवलं तर शेजारच्यातून जोरात उसळी माराया लागलं. बायका कावल्या, वाळतीवरचं भिजतंय म्हणून. मी म्हणलं, तेबी बुजवा. मिस्तरीच्या बायकोनंच सांगितल्यावर भ्यायचं कुणाला?

पाशामियाँ : भाभी, सुतळी मी धरली व्हती.

गिरिजाबाई : कसली सुतळी?

पाशामियाँ : भोकं मोजायची. सहा-सहा हातांवर गाठी मारलेली. गाठ आली की उस्ताद कोळशानं खूण करायचे. ह्या टोकापासून त्या टोकापत्तर. तवा हितं कुणाचाच दगड नव्हता, पायाचा खड्डा व्हता. भिंत उभी राह्यली, पहिला पावसाळा सरला, ह्या भोकाची धार सगळ्यात मोठी दिसली, तवा कुठं द्वारकाबाईनं आपला दगड हितं सरकवला. एका बाजूनं मीच हात लावला.

गिरिजाबाई : तू?

पाशामियाँ : खुदाची कसम, मीच.

गिरिजाबाई : आन् हे तू मला आज सांगून राह्यला? वीस वर्सांनी?

पाशामियाँ : मला काय मालूम, तुमच्या पोटात काय हाय?

गिरिजाबाई : ...शेवटच्या दुखण्यात त्यांनी पाणी मागितलं. मी म्हणलं, 'द्वारकीकडून आणवू का? तिचं निर्मळ असतंय.' ते नुसते बघत राह्यले. मला वाटलं, त्यांची चोरी धरली गेली. त्या माणसाला कळलंच नसंल रे, मी काय बोलून राह्यले ते.

पाशामियाँ : साहेब तीन वाजता येणार. काय सांगू? म्हणू का, गावच्या बायकांनी बुजवलं?

गिरिजाबाई : म्हण की द्वारकीनं बुजवलं.

पाशामियाँ : भाभी!

गिरिजाबाई : कळतंय मला. आदी तो दगड उचल. उलटा कर, माती पूस. साहेबाला मीच सांगते. म्हणते, भिंतीत खोट नव्हती, बांधणाराच्या घरात व्हती. सगळ्या बायकांपुढं सांगते. तिच्यापुढंबी.

पाशामियाँ : ती बघा, आलीच.

द्वारकाबाई : पाशामियाँ, माझा धुण्याचा दगड गिट्टीत घालू नका बरं. आन् गिरजे, तू कशाला वरडून राह्यली? पार बाभळीपत्तर ऐकू येतंय.

गिरिजाबाई : ऐक द्वारके. नव्या भिंतीतबी हे भोक हितंच राहणार. पण त्याच्याखाली आता माझा दगड बसंल. तुझं झालं तितकं बास.

द्वारकाबाई : बस की. तुला कोण नको म्हणलं? पहिल्याच दिवशी म्हणलं व्हतं मी, गिरजे, हितं पाणी चांगलं हाय, ये, दोघी बसू. तू तोंड फिरवून गेल्तीस.

गिरिजाबाई : कवा म्हणलीस? खोटं नको बोलू.

द्वारकाबाई : ते जांभळं लुगडं नेसून आल्तीस बघ, पिवळ्या काठाचं. लई खुलत व्हतं तुला. पुन्हा कधी नेसलीच न्हाईस.