दीड पौंडाचा चाप

– नाही, नाही, दीड पौंडाचा नाही बसवून देणार मी. मालक जेवायला गेलाय, त्याला विचारलंस तरी तो हेच सांगेल – उल्हासला, म्हणजे मलाच, विचारा. हे बघ शैलेंद्र, काउंटरवर तीन ठेवलेत ना, हा पहिला टेबलावर रायफल टेकवून कागदाला भोकं पाडणाऱ्यांचा, नुसतं बोट लागलं की सुटतो. तू जाणार रानडुकरांच्या मागे, काट्याकुट्यांतून, हातात ग्लव्ह्ज – बोट चापावर आहे की नाही हेच कळायचं नाही तुला. दुसरा दोन टप्प्यांचा, आधी सैल येतो, मग अडतो, मग सुटतो – चांगलाय, पण अंगवळणी पडायला वेळ लागतो. हा तिसरा घे. तीन पौंडांचा जोर लावला की सुटतो. तळलेली कुरडई मोडावी तसा – कट्. तुझ्या रायफलचा मूळचा चाप पाच पौंडाचा आहे, खरखरतो, नेम हलतो, सगळं मान्य. म्हणून काय एकदम दीडवर यायचं?

इंटरनेटवर वाचलंस? अरे, मी अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत अकरा वर्षं टूलरूममध्ये काढली, इथे अर्विंगला या बंदुकांच्या दुकानात, मागच्या बाकावर, चौदा. आणि दीड पौंडाच्या चापाने माझ्या हातून माणूस मेलाय. – हो. खोटं कशाला सांगू? बस त्या स्टुलावर. राजेश त्याचं नाव. माझ्या धाकट्या बहिणीचा, संध्याचा नवरा. तीन वर्षं झाली, दोन हजार चारचा नोव्हेंबर. माझ्या ओळखीच्या एका रँचवर डुकरांनी पार उच्छाद मांडला होता, तिथे गेलो दोघं. सकाळी साडेसातला त्याने एक डुकरीण पाडली, पण मेली नाही ती, म्हणून तिला संपवायला मी बोल्ट, म्हणजे गोळी आत सारायचा दांडा, पुढे ढकलला, आणि बोट चापावर नसताना बार झाला. चाप फार हलका केलेला, आतली खाच नीट धरलीच नाही. गोळी राजेशच्या पोटात. फोनला रेंज नव्हती. मदत येईपर्यंत संपला होता. शेरिफच्या माणसाने माझी रायफल रिकामी केली, दस्ता जमिनीवर आपटला – चाप आपोआप सुटला. पुन्हा आपटला – पुन्हा सुटला. अपघात, असं लिहून गेले. म्हणून सांगतो, तीन घे.

कसा होता म्हणजे? लोकांना विचारशील तर देवमाणूस. गणपतीत आरतीला त्याचा आवाज सगळ्यांत वर. मला दादा दादा म्हणायचा. आणि घरी – आता तुला सांगून काय करू मी – एका दिवाळीला संध्याकडे गेलो तर तिला चकलीचा सोऱ्या फिरवता येईना. मनगट सुजलेलं. डिशवॉशरच्या दारावर आपटलं म्हणाली. मी बाही वर सारली तर कोपरापर्यंत पिवळेनिळे डाग, जुने, नवे, एकावर एक. सावनी, माझी भाची, सात वर्षांची, ती मला इंग्लिशमध्ये म्हणाली, मामा, डॅडी मम्मीला कपड्यांच्या क्लोजेटमध्ये नेतो, तिथे कार्पेट आहे ना, आवाज येत नाही. सात वर्षांची पोर, यार! मी उठलोच होतो. संध्याने हात धरला. म्हणाली, "दादा, माझं सगळं त्याच्या व्हिसावर आहे. ग्रीन कार्ड येईपर्यंत काही बोलू नकोस. तो मला परत पाठवेल आणि सावनीला ठेवून घेईल."

मग काय, नाही बोललो. दोन वर्षं नाही बोललो. त्याच्या शेजारी बसून श्रीखंड खाल्लं मी. त्याने तिचे दोन दात पाडले, तेव्हा डेंटिस्टकडे मीच ड्राइव्ह करून नेलं, आणि तिथल्या फॉर्मवर "जिन्यावरून पडली" हे माझ्या अक्षरात आहे. कार्ड ऑगस्टमध्ये आलं. नोव्हेंबरात मी राजेशला फोन केला, म्हटलं, चल, डुकरं मारायला येतोस का?

– नाही, तसं नाही. तसा अर्थ काढू नकोस. मी बोलावलं ते बोलायला. घरापासून लांब, दोघंच, म्हटलं आज स्पष्ट सांगतो, सोड तिला. शपथेवर सांगतो, बोलायलाच नेलं होतं.

त्याने डुकरिणीच्या कण्यात गोळी घातली. मागचे पाय गेले, पुढच्या दोन पायांवर अंग ओढत होती, चिखलात रक्ताचा पट्टा, आणि ओरडत होती – तू ऐकलं नसशील, माणसासारखं ओरडतं ते जनावर. मी म्हटलं, राजेश, संपव तिला. तर म्हणतो, "थांब दादा, बघू कुठपर्यंत जाते." तिच्या मागोमाग चालला. बुटाने थोबाडावर लाथ घातली. दात तुटल्याचा आवाज आला मला. पुन्हा घातली. ती पडली की थांबायचा, उठायला लागली की पुन्हा लाथ, न चिडता, आरामात, कणीक तिंबावी तसा. मग माझ्याकडे वळून हसला, म्हणाला, "तुमची संध्या असाच सूर लावते."

दहा पावलांवर होता, मी रायफल त्याच्यावर रोखली. त्याने हात पुढे केला, असा, गोळी हाताने अडवणार असल्यासारखा. दोन बोटं उडाली, मग पोट. बसला खाली. आधी मी डुकरीण संपवली. कानामागे एक. मग त्याच्याकडे गेलो. आतडी दोन्ही हातांनी आत दाबून धरत होता आणि म्हणत होता, "फोन कर दादा, फोन कर." मी ओंडक्यावर बसलो. खिशातून छोटी किल्ली काढली आणि चाप हलका करायला त्याचा स्क्रू फिरवत बसलो. रायफल रिकामी करून दस्ता आपटून बघितला – सुटला. मग थोडा अजून फिरवला. तो बघत होता मी काय करतोय ते. त्याला कळत होतं. शिव्या दिल्या, मग आईला हाका मारल्या, मग नुसतंच गुरगुरला. पंधरा-वीस मिनिटं. मग मी फोन केला.

– रेंज? होती की. चांगली रेंज होती.

– हो, तीनच पौंडाचा होता. किल्ली लावेपर्यंत माझा चाप कधीच हलका नव्हता.

संध्या लांब, कॅरी नावाच्या गावी असते आता, लॅबमध्ये नोकरी करते. अंत्यविधीच्या दिवशी लोक गेल्यावर तिने मला एकच विचारलं. "दादा, त्याला कळलं का, आपण मरतोय ते?" मी म्हटलं नाही गं, लगेच गेला, काही कळलं नाही त्याला. तिने दार लावून घेतलं. मग म्हणाली, "कळायला हवं होतं." त्यानंतर आमचा फोन होतो तो हवापाण्याचा. मला सांगता येत नाही रे तिला. रोज वाटतं सांगावं, की बाई, कळलं होतं. सगळं कळलं होतं.

काय बघतोस असा? स्टुलावरून का उठलास?

मी म्हातारा माणूस, बडबडतो. रायफल इथेच राहू दे, नाहीतर घेऊन जा, काय हवं ते कर. चाप दुसऱ्या दुकानात मिळेल. कुणी विचारलं तर – नाही, कुणी विचारणार नाही. दार ओढून घे जाताना.

जा म्हटलं ना.