चार वाजून बारा मिनिटं

तोताराम : मंग, तो कण खरंच उजेडाच्या आधी पोचला?

भूमिका : युरोपातल्या त्या प्रयोगात पोचला असं दिसलं, नाना. सातशे तीस किलोमीटर, जमिनीखालून. उद्या देवपूरच्या कॉलेजात हेच शिकवायचंय मला.

तोताराम : अन् कारन?

भूमिका : अंतर मोजण्यात चूक असेल, दोन्हीकडची घड्याळं जुळत नसतील, एखादी वायर सैल असेल. नाहीतर कण खरंच पुढे गेला.

तोताराम : काय निघालं?

भूमिका : वायर सैल. घड्याळातही थोडी गडबड होती. नीट करून मोजलं, तर कण उजेडाच्या बरोबरीनेच.

तोताराम : एवढे शिकलेले लोकं, अन् आपल्या मोटारीच्या स्टार्टरसारखी वायर सैल!

भूमिका : मुलं इतकं विचारत नाहीत, नाना.

तोताराम : मले विचारनं हाये. हा पाह्य दवाखान्याचा कागद. तुझी माय गेली चार वाजून पाचले. अन् हा माहा मोबाइल. तिच्याशी बोललो चार बाराले.

भूमिका : हा कागद कधीपासून खिशात आहे?

तोताराम : तेराव्यापासून. सांग, घड्याळ कोनाचं चुकलं?

भूमिका : दवाखान्याचं असेल. डॉक्टर अंदाजाने लिहितात.

तोताराम : अंदाज नको. केळीचे घड कापून पडले होते, उन्हात काळे पडले असते, म्हनून मी गाडी भरत राह्यलो. फोनवर तिले म्हटलं, येतोच, चहा संगंच घेऊ. तिनं ऐकलं का, इतकंच सांग.

भूमिका : ऐकलं, नाना.

तोताराम : माह्याकडं पाहून सांग.

(भूमिका वही मिटते.)

भूमिका : दोन्ही घड्याळं बरोबर होती. तुमचा फोन आला तेव्हा आई गेली होती.

तोताराम : मी म्हटलं ना तुले, फोन तिच्या कानाले लाव.

भूमिका : लावला. तुम्ही तिकडे शेतात, मजुरांमध्ये. मी कसं सांगणार होते? अन् तुम्ही बोलत सुटलात. म्हशीचं, नळाचं, शेजारच्या सुंदरबाईचं. मग मी फोन काढलाच नाही.

तोताराम : नऊ मिनिटं बोललो मी.

भूमिका : हो.

तोताराम : नऊ मिनिटं धरून उभी होती तू?

भूमिका : हो, नाना.

तोताराम : हात भरून आला असंल तुझा.