मुंगळ्यांचा ओंडका

तुम्ही हसाल, पण मला तो प्रसंग आठवला की अजून संताप येतो. माधवनगरच्या रस्त्याकडेला पाडलेल्या बाभळीचा एक ओंडका तोडकामावरच्या मुकादमाने मला पाणी तापवायच्या बंबासाठी फुकट दिला. अंगणात आणून फोडायला पाचर ठोकली, तर आत मुंगळे आणि त्यांची अंडी. आम्ही जैन, जीव असलेले लाकूड जाळत नाही. मुंगळे निघून जावेत म्हणून ओंडका कुंपणाशी ठेवला. सकाळी पाहतो तो ओंडका नाहीसा!

शेजारचे बापू निर्लज्जपणे म्हणाले, "आवं अण्णा, तुमी टाकून दिलाय वाटलं, म्हणून नेला. चुलीमागं सुकत ठेवलाय. उद्या फोडतो."

"न विचारता नेणे ही चोरी आहे, बापू. आणि त्यात जीव आहेत. परत द्या."

"मुंगळ्यांपायी कोण सरपण सोडतं व्हय?"

दुसऱ्या दिवशी बापू पाय खाजवत माझ्या दारात उभे. "अण्णा, लय वाईट झालं! पिठात मुंगळे, गुळात मुंगळे, हातरुणात मुंगळे. आता काय करू?"

मी म्हणालो, "ओंडका कुंपणाशी ठेवा आणि ते निघून जाईपर्यंत थांबा. मी तेच करत होतो."