राईतले पाच पेले

परशू: थांब गे बाय, ते बटण दाबू नको.

मयूरी: का हो मामा? हा नकाशा टिपणासकट छापायला पाठवला की सुटले मी. दोन वर्षं या एका कोळ्यामागं फिरतेय.

(जोयड्याजवळची एक वाडी, परशू आणि त्याची बायको तुळजा यांची पडवी. मयूरी कोळ्यांचा अभ्यास करते. कोळी पडावेत म्हणून जमिनीत पुरलेले तिचे पेले परशूनं पावसाळाभर सांभाळलेत.)

परशू: काय लिवलंस ते वाचून दाव आधी.

मयूरी: ऐका. जाळं न विणणारा, पाचोळ्याखाली पळणारा हा कोळी कुळगीच्या रानात नाही, गणेशगुडीच्या रानात नाही. फक्त इथल्या देवाच्या राईत सापडला, पेले सात ते अकरा. माणसाचा हात लागला नाही तिथंच राहतो.

तुळजा: सांगा आता. दोन दिस ताटावरनं तसेच उठताय.

परशू: ते पाच पेले राईत नव्हते.

मयूरी: म्हणजे?

परशू: तू म्हणालीस, खड्डा खणा, पेला मातीबरोबर बसवा. राईत आम्ही कुदळ लावत न्हाई. आज्यापणज्यापासनं न्हाई.

मयूरी: मग पुरले कुठं?

परशू: खाली, आमच्या शेताच्या बांधाला. बाटल्यांत चिठ्ठ्या तेवढ्या तू दिलेल्या, राईच्याच घातल्या.

मयूरी: अहो मामा! दर आठवड्याला बाटल्या भरून देत होतात, एकदा तरी बोलायचं!

परशू: पयल्याच बाटलीत तो कोळी बघून तू पडवीभर नाचलीस. मग कसं बोलू?

तुळजा: मी तवाच म्हटलं, पोरीला फसवू नका.

परशू: फसवलं न्हाई गे. वाटलं, कोळी तो कोळी. हितं काय नि तितं काय.

मयूरी: कुठं सापडला, एवढंच तर माझं काम आहे! छापून गेलं असतं म्हणजे? तोंड दाखवायला जागा उरली नसती. खूप राग आलाय मला.

परशू: येऊ दे. म्हणूनच आज सांगितलं.

मयूरी: आणि राईत तो आहे की नाही?

परशू: कुणाला ठावं? तितं बघितलंच न्हाई कुणी.

तुळजा: खणायचं न्हाई, पण पाचोळा हातानं उचलायला कोण नको म्हणतंय? सणाआधी आम्ही बायका उचलतोच. सुपात घेऊन झटकू, कोळी असंल तर पळताना दिसंल.

मयूरी: चालेल की! मावशी, हे आधी का नाही सांगितलंत?

तुळजा: इचारलंस कुठं? नंबर सांगितलेस नि बेळगावला गेलीस.

मयूरी: खरंय. चूक माझीपण आहे. बरं, हा ठिपका राईतून काढते. बांधावर चला, जागा फोनवर नोंदवू. तिथं काय लिहू मामा?

परशू: रान लिव. सरकारी कागदावर फारेष्टाचं रानच हाय.

मयूरी: भात कोण लावतं तिथं?

परशू: आम्हीच. आजाबी लावायचा.

मयूरी: मग रान कसं लिहू? एकदा खोटं लिहून बसले, आता नाही. ‘परशू वेळीप यांचं शेत, बांध.’ तुमची हरकत नसेल तरच.

तुळजा: छापून येतंय व्हय ते?

मयूरी: येणार.

तुळजा: आवो, सांगा तिला, हरकत हाय का न्हाई.

परशू: लिव. ‘शेत’ तेवढं नीट लिव, बाय. कागदावर पयल्यांदाच येतंय ते.