शिखराऐवजी पाण्याची टाकी

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या छापखान्याचे सर्वेसर्वा मालकसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या विभागप्रमुख आणि सत्कारमूर्ती ताई, त्यांना इतकी वर्षं आम्हाला उसन्या देणारे त्यांचे यजमान, आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

दिनदर्शिकेच्या छायाचित्र विभागातर्फे बोलायला मला उभं केलंय. ताईंनी आधीच बजावलंय, "माझं गुणगान नको." ठीक आहे, मग फजितीच सांगते.

साहेब, एका वर्षी आपण फर्मान काढलं होतंत: मुखपृष्ठावर सूर्योदयाचं हिमशिखरच हवं. नाही मिळालं, तर यापुढे चित्रं बाहेरून विकत घेऊ आणि विभागाला टाळं लावू. माझी नोकरी नवी, घरी बाळ तान्हं.

आम्ही डोंगरावरच्या विश्रामगृहात पोहोचलो आणि असं धुकं उतरलं, की स्वतःचा हात दिसेना. रोज पहाटे गच्चीवर ट्रायपॉड लावायचा, कुडकुडायचं, परत यायचं. शेवटच्या दिवशी मात्र धुक्यात काहीतरी उंच, काळपट दिसू लागलं. ताई कुजबुजल्या, "शिखर! कोणी हलू नका." ताईंनी असं म्हटल्यावर हलायची कोणाची प्राज्ञा? आम्ही श्वाससुद्धा बेताने घेत होतो. ताईंनी फोकस जुळवला. धुकं जरा विरलं. समोर विश्रामगृहाची पाण्याची टाकी! वर आचाऱ्याचा बनियन वाळत घातलेला.

मला रडूच फुटलं. ताई मात्र पोट धरून हसत सुटल्या, आणि हसता हसता थबकल्या. टाकीच्या कडेखाली, पाइपवर एक चिमुकला पक्षी बसला होता. पिसं फुगवून गोल झालेला, चोचीवर थेंब, आणि चेहऱ्यावर अस्सा राग, जणू रजा नामंजूर झालीय. "अगं, डोळे पूस आणि छत्री धर," ताई म्हणाल्या. मग सगळी सकाळ त्या ओल्या फरशीवर पालथ्या. धुक्याने पक्ष्यामागचं सगळं पुसून टाकलं होतं, बनियनसकट.

साहेबांनी फोटो पाहिला. "आणि शिखर?"

"मागेच आहे. धुक्यात," ताई शांतपणे म्हणाल्या.

साहेबांनी चश्मा वर सरकवून फोटो डोळ्यांजवळ नेला. म्हणाले, "हा तर आपल्या हिशेबनिसांसारखा दिसतोय!" आणि खो खो हसले. विभाग वाचला. हिशेबनीस अजूनही आमच्याशी तुटकच बोलतात, पण विभाग वाचला.

साहेबांची थट्टा झाली, हिशेबनिसांची झाली. दोघांनीही ती पोटात घालावी. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तो माझा उथळपणा समजा. इतकं ऐकून घेतलंत, मी आभारी आहे.

आणि ताई, उद्यापासून तुमच्या खुर्चीत मी बसणार, याची मला खरंच धास्ती वाटते. स्वच्छ ऊन असेल तेव्हा मी निभावून नेईन. पण आभाळ भरून आलं की फोन तुम्हालाच करणार. उचलाल ना?