छातीवर छापलेलं नाव

टी-शर्टाचं विचारताय ना? सांगतो, पण हसायचं नाय.

आमी कातकरी. लोक कातोडी म्हणून हिणवतात. म्हणून यंदा आमच्या वाडीच्या टीमला मीच नाव दिलं, ‘कातोडी किंग’. म्हटलं, आपणच छातीवर छापून घेतलं की मग चिडवणार कोण? पोरं जाम खूश.

कुंभिवलीच्या टूर्नामेंटला मी सिक्स मारला. माईकवाला ओरडला, “वा रं कातोडी!” झालं, सगळं मैदान सुरू. “ए कातोडी! ए कातोडी!” आमी टी-शर्ट ताणून नाचतोय.

माझी आय बाहेर रस्त्यावर करवंदं विकत बसलेली. बघतो तर ती पाटी डोक्यावर घेऊन लगबगीनं गर्दीत शिरतेय.

“आले शेट, आले! कोणी हाक मारली?”

मी धावत गेलो. “आय, तुला नाय गं. आमच्या टीमला ओरडतायत.”

“असं होय? मला वाटलं, गिऱ्हाईक हाय.” आणि गेली परत जाग्यावर.

पुढची मॅच मी टी-शर्ट उलटा घालून खेळलो. पोरांनी विचारलं, तर म्हटलं, छपाई टोचतेय रं.