न उतरलेलं मेण

वर्षाराणी : थांबा, बुटात पाय घालू नका. आजून मेण लावलं न्हाई मी.

रामलिंग : ऱ्हाऊ दे गं. पाऊस सरत आलाय. पुढच्या रविवारी लाव.

वर्षाराणी : आसं कसं? तुमच्या पहाऱ्याच्या जागी, कारखान्याच्या यार्डात घोटाभर पाणी साचतंय, तुम्हीच फोनवर सांगत होता की. दरसाली पोळ्याला दुसरा हात देते मी. औंदा माझी माय, अव्वा गेली, तिच्या दुखवट्यात ऱ्हाऊन गेलं. मेण आन् जवसाचं तेल पातळ करून ठेवलंय बघा.

रामलिंग : मग लाव झटक्यात. एसटी चुकंल माझी.

वर्षाराणी : लावणारच होते. आधी चिखल धुतला. जरा इकडं बघा.

(ती तांब्यातलं पाणी बुटावर सोडते.)

रामलिंग : काय बघू?

वर्षाराणी : पाणी घरंगळायलंय. एक थेंब मुरंना. मिरगाच्या आधी लावलेलं मेण हाय तसं हाय. दरसाली ह्या टायमाला कातडं पांढरं पडतंय, वाळल्या भाकरीवानी कडक होतंय.

रामलिंग : तुझ्या हाताला गुण हाय, दुसरं काय.

वर्षाराणी : लाडीगोडी नको. चिखल बी नुसता वरून होता. शिवणीत मातीचा कण न्हाई. हातानं फासल्यावानी.

रामलिंग : तू पोलिसात भरती व्हायला पायजे होतीस.

वर्षाराणी : हसू नका. ह्या बुटांनी औंदा पाऊस बघितलेला न्हाई. सगळा पावसाळा कुठं होता तुम्ही?

रामलिंग : ड्युटीवर. आणिक कुठं?

वर्षाराणी : कुठल्या ड्युटीवर?

रामलिंग : ...लातूरला. डाळमिलीत. गोदामाच्या दारात खुर्ची हाय. वर छप्पर हाय. चपलीवर भागतंय.

वर्षाराणी : कवापासून?

रामलिंग : मिरगापासून.

वर्षाराणी : मिरगापासून! आन् अव्वा श्रावणात गेली.

रामलिंग : मी सांगणारच होतो, वर्षा.

वर्षाराणी : काय ठरलं होतं आपलं? लातूरला छपराखालची नोकरी लागली की तिथंच खोली करायची आन् माझ्या मायला निलंग्याकडून आणायचं. तुम्हीच बोलला होता. तिच्यासमोर बोलला होता.

रामलिंग : बोललो होतो. पण एका खोलीत ती, तू, मी. तिचं ते रातभर खोकणं, उठता-बसता माझ्या चुका काढणं. मला वाटलं, एवढा पावसाळा निवांत जाऊ दे. दसऱ्याला आणू.

वर्षाराणी : निवांत!

रामलिंग : ती जाईल आसं कुणाला ठाव होतं?

वर्षाराणी : मला ठाव होतं. तिचं घर गळायलंय, तिला उठवंना, हे मी दर फोनला सांगत होते. मी एकटी जाऊन आणते म्हणले, तर काय म्हणलात? म्हशी कोण बघणार? थांब, पाऊस उतरू दे, मी येतो. एका रविवारच्या वर सुट्टीच भेटंना, पावसात उभा ऱ्हाऊन पाय कुजायलेत माझे.

रामलिंग : चुकलं माझं.

वर्षाराणी : न्हाणीपाशी पडली ती. दिवसभर कुणाला पत्ता न्हाई. सांच्याला शेजारणीनं दार ढकललं. आन् तुम्ही खुर्चीवर बसून, रविवारी घरी येताना बुटाला चिखल फासत होता.

रामलिंग : हळू बोल. शेजारी ऐकतील.

वर्षाराणी : ऐकू द्या. मेण धुतलं गेलं न्हाई म्हणल्यावर आधी वाटलं, लातुरात बाई ठेवली का काय. तसं आसतं तर भांडले आसते, रडून मोकळी झाले आसते. हा दगा कुणाला सांगू? तुम्ही माझ्या मायपासून लपून बसला होता.

रामलिंग : काय करू सांग. पाया पडू तुझ्या?

वर्षाराणी : शेवटचा फोन झाला तवा मी अव्वाला म्हणले, ह्यांचा लई राग यायलाय मला, तुला आणायला येईनात. तर माझ्यावरच तापली. म्हणली, जावयाला काई बोलू नको. दिवसभर पावसात उभा आसतो बिचारा.

रामलिंग : वर्षा...

वर्षाराणी : आन् मी तिला हाव, खरं हाय म्हणले.